सट्टापट्टी (मटका) १८८७ पासून बंदच आहे ना? मग ‘पूर्ण जुगारबंदी करा’ असं निवेदन द्यावं का?

बचतगट_दक्षिण नागपूर (विचारणा)

दक्षिण नागपुरातल्या काही महिला बचतगटांतर्फे जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तांना निवेदन द्यायचं घाटतंय. मसुद्यात सध्या एकच मागणी आहे: लोकांना व्यसनापासून वाचवायचं तर सगळ्या जुगारावर पूर्ण बंदी घाला. सट्टापट्टी, क्रिकेटचा सट्टा, मोबाइलवरचे लाल-हिरव्याचे खेळ, पोळ्याच्या वेळचा पत्त्यांचा झन्नामन्ना, सगळं त्यात आलं.

मसुदा वाचून दोघींनी शंका काढली. जे १८८७ च्या कायद्याने आधीच बंद आहे, त्यावर पुन्हा बंदी मागायची म्हणजे नेमकं काय मागायचं? तंबाखू-सुपारीचा खर्राही बंदच आहे म्हणे, आणि तो कोणत्या चौकात मिळत नाही ते दाखवा. बाकीच्यांचं म्हणणं, २०२५ मध्ये केंद्राने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर कायदा आणल्यावर क्रिकेटपटूंच्या जर्सीवरून ती नावं गेलीच की नाही? बंदीने काहीच होत नाही असं कसं म्हणता?

कायदा, हिशेब किंवा उपचार यातलं माहीत असणाऱ्यांनी सांगावं. बंदीने व्यसन आवरतं का? आणि नुसतं ‘बंदी घाला’ न म्हणता निवेदनात काय लिहावं? कृपया ‘संस्कार कमी पडले’ छापाची उत्तरं नकोत.

सिव्हिल लाइन्सचा कोट

आधी शीर्षक दुरुस्त करा. १८८७ चा कायदा मुंबई इलाख्याचा. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि मध्य प्रांताला १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा लागू होता. म्हणजे इथली बंदी तुम्ही समजता त्याहून वीस वर्षांनी म्हातारी आहे. आज इथे चालतो तो महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७. पेपरात त्याला अजून ‘मुंबई जुगार कायदा’च म्हणतात.

कलम ४ अड्डा चालवणाऱ्याला, कलम ५ अड्ड्यात सापडलेल्याला, कलम १२ उघड्यावर खेळणाऱ्याला. धाडीनंतरचा पंचनामा एकदा वाचून पाहा. आकडे लिहिलेली चिठ्ठी, एक डॉटपेन, कार्बन, रोख सातशे-आठशे रुपये. ज्याच्या खिशात हे सापडतं तो पट्टी लिहिणारा, टक्क्यावर बसलेला माणूस. ज्याच्याकडे सगळा आकडा शेवटी जमा होतो तो खायवाळ, आणि खायवाळ त्या पानठेल्यावर कधी उभाच राहत नाही. पट्टीवाला दंड भरतो आणि पुन्हा स्टूल टाकतो. तो दंड धंद्याच्या खर्चातच धरलेला असतो. बंदीचा सगळा भार असा सगळ्यात खालच्या माणसावर पडतो, ही या जुन्या कायद्याची पहिली गोची.

दुसरी गोची कलम १३ ची. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी मुख्यतः कौशल्याची म्हटली, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही त्याच खात्यात घातल्या. ऑनलाइन रमी आणि फँटसी क्रिकेटवाल्या कंपन्या वर्षानुवर्षं याच फटीत बसल्या. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने (२२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली) ती फट ऑनलाइनपुरती बुजवली: कौशल्य असो की नशीब, पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर बंद. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत, पैसे फिरवून देणाऱ्यालाही ३ वर्षं आणि १ कोटीपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. जुन्या कायद्यापेक्षा हे अगदी उलटं आहे, आणि व्यसनाच्या दृष्टीने हाच त्यातला शहाणपणाचा भाग. जुगार हा राज्यसूचीतला विषय (नोंद ३४) असताना केंद्र कायदा कसा करतं, हा वाद आहेच. उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

आणि ‘पूर्ण बंदी’ म्हणताना सरकारचं स्वतःचं दुकान विसरू नका. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सुरू आहे. कॅसिनोचा कायदा मात्र १९७६ मध्ये करून ठेवला, कधी अंमलात आणलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षं कपाटात पडलेला कायदा, तोही जुगाराला परवानगी देणारा.

इतवारीची खातेवही

कोट भाऊंनी कायदा सांगितला, आता हिशेब पाहा. कोणता खेळ माणसाला लवकर खातो ते हिशेबातच दिसते.

सट्टापट्टीत सिंगल (एक आकडा) लागला तर दहाला नव्वद, जोडी (दोन आकडे मिळून) लागली तर दहाला नऊशे. सिंगलचे आकडे दहा, जोड्या शंभर. म्हणजे दोन्हीकडे खायवाळ शंभरातले दहा ठेवतो. ओपनवर (दिवसाचा पहिला निकाल) शंभर आणि क्लोजवर (दुसरा) शंभर लावणाऱ्याचे सरासरी रोज वीस रुपये जातात. वाईट आहेच, पण दिवसात एका बाजाराचे आकडे दोनदाच निघतात. मधे माणसाला घरी जावं लागते, जेवावं लागते.

आता मोबाइलवरचा रंगाचा खेळ घ्या. शून्य ते नऊ आकडे, दर मिनिटाला एक निकाल. हिरव्यावर लावलं तर १, ३, ७, ९ ला दुप्पट, ५ आला तर दीडपट, बाकी पाच आकड्यांवर गेले. प्रत्येक लावणीतून दोन टक्के ‘सेवा शुल्क’ आधीच कापतात. दहा आकड्यांची बेरीज मांडा: चार वेळा २ म्हणजे ८, वर दीड, झाले साडेनऊ. त्यातून दोन टक्के गेले की शंभराला ९३ रुपये १० पैसे परत. म्हणजे इथे ॲपवाला शंभरातले सातच ठेवते, पट्टीवाल्याहून कमी! पण तासाला साठ डाव. शंभर-शंभर लावत बसलं तर तासाला ४१४ रुपये. सट्टापट्टीत तेवढे घालवायला त्याच माणसाला वीस दिवस लागतात. आणि हे ॲप सरळ असेल तर. निकाल त्याच्याच सर्व्हरवरून येतो, तो सरळ आहे हे कोण पाहून राहिलं?

याच्यावर पोरांकडे ठरलेलं उत्तर असते, ‘हरलं की डबल लावायचं’. दहापासून सुरू केलं तर १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०, १२८०. आठ डाव सलग हरले की २५५० रुपये गेले आणि नववा डाव २५६० चा. शुल्क बाजूला ठेवा, अर्धी-अर्धी शक्यता धरा. सलग आठ हार सरासरी ५१० डावांत एकदा येते. मिनिटाला एक डाव म्हणजे साडेआठ तास. आणि तोवर दहा-दहाने जिंकलेले किती? सरासरी २५५ वेळा, म्हणजे बरोबर २५५०. जमा-खर्च शून्यावर येतो आणि शुल्क तेवढं पदरातून जाते. फक्त साडेआठ तासांतले आठ तास माणूस जिंकत असतो, म्हणून त्याला वाटते युक्ती चालून राहिली.

क्रिकेटची गोष्ट निराळी. भाव ८०-८२ निघाला तर लगावणाऱ्याला (संघ जिंकेल म्हणणाऱ्याला) शंभरावर ऐंशी मिळतात, खाणाऱ्याला (हरेल म्हणणाऱ्याला) शंभरासाठी ब्याऐंशीची जोखीम. बुकीचं घर त्या दोनात. सामना नागपूरच्या जामठ्यात असो की मेलबर्नला, भाव सारखाच. इथे माणूस मरतो तो भावाने नाही, उधारीने. पट्टी रोखीची. चिठ्ठी लिहिताना पैसे हातावर ठेवावे लागतात, खिशातले संपले की खेळ संपला. क्रिकेटच्या ‘आयडी’त (बुकीने दिलेलं सट्ट्याचं ऑनलाइन खातं) आधी लिमिट, म्हणजे उधारीची मर्यादा मिळते, वसुली आठवड्याने, सहसा सोमवारी. आणि आयडी देणाऱ्याची पत्ती (वाटा) गिऱ्हाईक जेवढं हरलं त्याच्यात असते. म्हणून हरणाऱ्याचं लिमिट वाढते, जिंकणाऱ्याचं आयडी बंद पडते. सेशनचा (ठरावीक षटकांतल्या धावांचा) भाव, पुढच्या चेंडूचा भाव, असं करून पाच दिवसांच्या खेळाचे पाचशे डाव झाले ते वेगळंच.

म्हणून निवेदनात जुगाराची यादी देण्यापेक्षा वेग आणि उधारी हे दोन शब्द घाला, असं माझं मत.

पांढराबोडी

हिशेब झकास, पण त्यातून बंदीची गरजच सिद्ध होते. वेग हा दोष असेल तर वेगवान यंत्रच उचलून न्या. नॉर्वेने तेच केलं. २००६ मध्ये जुगारयंत्रांतलं नोटा घेणारं तोंड बंद केलं, जुलै २००७ मध्ये सगळी खासगी यंत्रंच उचलली. जुगाराच्या मदतवाहिनीवर येणारे फोन घटले. २००९ मध्ये सरकारी कंपनीची यंत्रं आली ती नावाच्या कार्डावरच चालणारी, हरण्याची रोजची आणि महिन्याची मर्यादा घातलेली. लोक दुसऱ्या खेळांकडे झाडून सगळे वळले, असं झालं नाही.

बंदीला ‘शंभर टक्के थांबलं का’ हे माप लावणं चुकीचं. अठरा वर्षांच्या पोराला पहिला डाव किती सोपा आहे, हे माप लावा. २०२५ च्या आधी सामना पाहताना दर षटकाला एक खेळाडू सांगत होता, संघ बनवा, कोटी जिंका. आता तोच खेळ शोधायला टेलिग्रामवरची लिंक लागते, प्ले स्टोअरबाहेरचं ॲप उतरवावं लागतं, फोन तीनदा ‘हे धोक्याचं आहे’ म्हणतो. ज्याला सवय लागली तो या तिन्ही पायऱ्या उतरेल. ज्याला लागलेली नाही त्यातले बरेच पहिल्या पायरीवर वळतील. बंदी ही नव्या माणसासाठी असते.

खर्ऱ्याचं उदाहरण नेहमी देतात. गुटखाबंदी २०१२ ची. खर्रा मिळतो कारण तो ठेल्यावरच घोटता येतो, सुपारी-तंबाखू-चुना आणि एक प्लास्टिकची पन्नी. ऑनलाइन जुगाराला सर्व्हर, बँक खाती आणि जाहिरात लागते, तो ठेल्यावर घोटता येत नाही. दोन्हींना एकच न्याय लावू नका.

इतवारीची खातेवही

@पांढराबोडी, नॉर्वेत यंत्र भिंतीला टेकलेलं होतं, उचलता आलं. इथे सर्व्हर दुबईत की कुठे, कोणाला माहीत? बाजूच्या चंद्रपुरात दारूबंदी २०१५ ते २०२१, शेवटी सरकारनेच उठवली. बंदी टिकवायची तर मागे माणसं लागतात.

बँक खात्यांचं मात्र तुमचं बरोबर. ॲपवर पैसे भरताना क्यूआर स्कॅन केला की नाव येते कुठल्या तरी ट्रेडर्सचं. उद्या भरा, नाव दुसरंच. ही भाड्याने घेतलेली खाती. कॉलेजच्या पोराला महिन्याचे काही हजार देतात आणि त्याचं पासबुक, एटीएम, सिम घेऊन जातात. सर्व्हर दुबईत असो की चंद्रावर, खातं इथल्याच कोणत्या तरी शाखेतलं असते. धंद्याची मान तिथे आहे. २०२३ च्या जुलैत उघड झालेलं प्रकरण आठवा: नागपूरच्या व्यापाऱ्याची ५८ कोटींनी फसवणूक झाल्याची फिर्याद, आणि गोंदियातल्या आरोपीच्या घरी कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं. ऑनलाइन म्हणता म्हणता पैसा शेवटी गोंदियाच्या कपाटातच निघाला.

ओपीडी टोकन

बंदी हवी की नको यावर दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि दोन्हीत आधीच अडकलेला माणूस नाही. त्याच्याबद्दल लिहितो.

२०१३ पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार दारू-तंबाखूच्या व्यसनांसोबतच धरतात. नऊ लक्षणं, त्यातली चार बारा महिन्यांत दिसली तर निदान. घरच्यांना दिसतील अशी सांगतो: तीच मजा यायला रक्कम वाढवत नेणं, थांबवलं की चिडचिड, गेलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणं, खोटं बोलणं, आणि कोणी तरी आपलं कर्ज फेडून द्यावं म्हणून हात पसरणं. हे शेवटचं नीट वाचा. घर विकून, दागिने मोडून ‘एकदाचं मिटवलं’ की कुटुंबाला वाटतं सुटला. प्रत्यक्षात तो पैसा त्याच्यासाठी नवी लिमिट असतो. रक्कम एकदम त्याच्या हातात देऊ नका. कर्जांची यादी करा, बँकेचं आधी, सावकाराचं कायद्याने, बुकीचं शेवटी किंवा नाहीच (कोट भाऊ सांगतील), आणि हप्ते दुसऱ्याने भरा.

यादी करताना माणूस निम्मंच सांगतो. लाजेने, दरवेळी मुद्दाम नव्हे. म्हणून कागद पाहा. क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यात ॲपवरची झटपट कर्जंही बहुतेक दिसतात. त्यात न दिसणारं: भिशी. वेळेआधी, बोली तोडून भिशी उचलली असेल तर ती मोठी खूण. पतसंस्थेत कोणाला जामीन राहिला का, सोनं गहाण टाकल्याची पावती, विमा पॉलिसीवरचं कर्ज, पीएफमधून काढलेली उचल हेही बघा.

मग पैशाचा वेग कमी करा. पगाराचं खातं ‘दोघांच्या सहीने’ या प्रकारात संयुक्त करून घ्या. ‘कोणीही एक’ असं असेल तर यूपीआय चालू राहतं, ‘दोघांच्या सहीने’ असेल तर सहसा मिळतच नाही. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात, मर्यादाही घालता येते. रोजच्या खर्चाला रोख. हे त्याच्या संमतीने, तो शांत असताना करायचं. चोरून सिम काढून घेतलं की तो दुसरं सिम घेतो आणि वर तुम्हीच खोटे ठरता.

उपचार म्हणजे मुख्यतः समुपदेशन: कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत हात फोनकडे जातो ते नोंदवणं, आणि ‘आता थोडक्यात हुकलं’ या भ्रमावर काम. ‘थोडक्यात हुकलं’ हे मेंदूला जवळजवळ जिंकल्यासारखंच वाटतं, म्हणून एक आकडा चुकलेला माणूस दहा आकडे चुकलेल्यापेक्षा लवकर परत लावतो. नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध काहींना ओढ कमी करायला देतात. ते यकृताची तपासणी करून, आणि अफूवर्गातली वेदनाशामकं चालू नाहीत हे पाहून, डॉक्टरांनीच द्यायचं. आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: कंपवाताच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी आयुष्यात कधी पत्ता न शिवलेल्या माणसालाही जुगाराची ओढ लागू शकते. साठीतल्या काकांनी अचानक लावायला सुरुवात केली तर आधी औषधांची चिठ्ठी पाहा. गोळी मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

जुगार सुटताना दारूसारखा झटका येत नाही, पण कर्ज उघड होण्याच्या दिवसांत जिवाचा धोका खरा असतो. ‘माझ्यामागे तुमचं सगळं मिटेल’ असली वाक्यं आली तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयोला (नागपूरची सरकारी रुग्णालयं) न्या. एरवी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी, १४४१६, चोवीस तास, मराठीतून, फुकट. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे ‘भरती करतील’ या भीतीने लोक जात नाहीत, जुगारासाठी बहुतेकांना भरती लागत नाही.

बंदीबद्दल माझं एकच म्हणणं: खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. कलम ५ आणि १२ मध्ये तो आरोपी आहे, आणि आरोपी ओपीडीत येत नाही. सिंगापुरात घरचे अर्ज करून माणसाला कॅसिनोत जायला मनाई करवून घेऊ शकतात. गोव्याने फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांनाच कॅसिनोत बंदी केली. असली कुलपं दार असलेल्या घरालाच, म्हणजे कायदेशीर चालणाऱ्या जुगारालाच लागतात, हे बंदीवाल्यांनीही लक्षात घ्यावं.

बचतगट_दक्षिण नागपूर

सगळ्यांचे आभार, मसुदा बदलतोय. दोन गोष्टी राहिल्या. एक, बायकांचा सगळ्यात मोठा प्रश्न वसुलीचा असतो. दारात माणसं येतात, कोऱ्या चेकवर सही घेतलेली असते, ‘नवरा देत नसेल तर तू दे’ म्हणतात. दोन, शेअर बाजारातलं ऑप्शन की काय ते, त्यालाही जुगार म्हणून निवेदनात घालावं का?

सिव्हिल लाइन्सचा कोट

वसुली. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ३०: पैजेचा करार शून्य. जिंकलेले पैसे मिळावेत म्हणून दावा चालत नाही. बुकीला कोर्टात उभंच राहता येत नाही, म्हणून तर तो दारात उभा राहतो. धमकी दिली की तो साधा फौजदारी गुन्हा आहे. ११२ लावा, मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवा.

कोरा चेक. चेक वटला नाही की चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची नोटीस येते. १३८ फक्त कायद्याने वसूल होऊ शकणाऱ्या देण्याला लागतं, जुगाराचं देणं तसं नाही. पण कलम १३९ प्रमाणे चेक देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी गृहीत धरतं, आणि ते खोडायचं काम तुमचं. म्हणून नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत लेखी उत्तर गेलंच पाहिजे: चेक कशापोटी, कधी, कोणी घेतला. ‘जुगाराचं आहे, चालत नाही’ म्हणून नोटीस फाडून टाकणारे पुढे अडकतात. आयडीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचा सोमवारचा हिशेब, हेच तेव्हा कामी येतं. लाजेखातर ते डिलीट करू नका.

नवऱ्याचं कर्ज बायकोने फेडायचं नसतं, तिने सही किंवा जामीन दिला नसेल तर. ‘तू दे’ला कायद्याचा काही आधार नाही. तो मेला तरी वारसांवर जबाबदारी येते ती मिळालेल्या मालमत्तेपुरतीच.

बुकीचं फेडायला सावकाराकडून घेतलं असेल तर ते देणं मात्र निराळं. परवाना आहे का विचारा. नसेल तर महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करा. तारण म्हणून प्लॉटचं खरेदीखत करून घेतलं असेल तर १५ वर्षांच्या आतले असे व्यवहार कलम १८ खाली तपासून मालमत्ता परत मिळू शकते. परवानाधारकालाही मुद्दलाहून जास्त व्याज घेता येत नाही, दामदुप्पट म्हणतात ते हेच.

इतवारीची खातेवही

ऑप्शनचं. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. पुढच्या वर्षी ९१ टक्के. तरी निवेदनात जुगार म्हणून घालू नका, लगेच कोणी तरी ‘हे कायदेशीर आहे’ म्हणून अख्खं निवेदन बाजूला ठेवील. इथे सेबीने बंदी नाही घातली, वेग आणि आकार पकडला: नोव्हेंबर २०२४ पासून करार किमान १५ लाखांचा, आणि एका एक्स्चेंजला आठवड्याची एकच एक्सपायरी (करार संपण्याचा दिवस). मी वर म्हटलं तेच झालं ना भाऊ.

डब्बा मात्र जरूर घाला. इतवारीत डब्बा म्हणजे सौदा एक्स्चेंजवर जातच नाही, डब्बेवाल्याच्या वहीत राहतो. ना कर, ना मार्जिन, भाव पडला की वसुली दारात. तो बंदच आहे, रोखे व्यवहारांच्या १९५६ च्या कायद्याने. ओळखायची खूण सोपी: सौद्याच्या दिवशी एक्स्चेंजकडून एसएमएस आला नाही, काँट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती) मिळाली नाही, तर तो डब्बा.

पांढराबोडी

मग निवेदनाचं कलम असं होईल का: भाड्याच्या खात्यांवर बँकनिहाय कारवाई, आयडी वाटणाऱ्यांवर २०२५ च्या कायद्याची कलमं लावा, जुन्या कायद्याचं नुसतं कलम १२ नको, खेळणाऱ्याला आरोपी न करता ओपीडीकडे पाठवा, आणि पोळा ते दिवाळी धाडींसोबत १४४१६ चे फलक? पोळ्यानंतर निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत सट्टाही ‘घेऊन जा गे’ म्हणायला हरकत नाही, पण फलकावर नंबर असू द्या.

सिव्हिल लाइन्सचा कोट

चालेल. फक्त ‘खेळणाऱ्याला आरोपी करू नका’ ही मागणी पोलीस आयुक्तांकडे करून उपयोग नाही, त्यांच्या हातात कलम बदलणं नाही. ती मुंबईला, गृह आणि विधी व न्याय विभागाला वेगळ्या पत्राने. आयुक्तांकडे मागा ते खायवाळापर्यंत तपास नेणं: जप्त फोनमधून पैसे गेलेली खाती शोधून त्यांच्यावर गुन्हा.

ओपीडी टोकन

आणि १९३० चा नंबर वेगळा लिहा, लोक दोन्हींत गल्लत करतात. १९३० सायबर फसवणुकीचा: पैसे भरले तो बारा आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक, वेळ आणि समोरच्या खात्याचं नाव हाताशी ठेवून लगेच फोन करायचा. उशीर झाला की पैसे चौथ्या-पाचव्या खात्यात गेलेले असतात. जिंकलेले पैसे आले तर खूश होणाऱ्यांनाही सांगा, ते अशाच खात्यातून येतात, आणि दुसऱ्या राज्यातल्या तक्रारीवरून आपलंच पगाराचं खातं गोठतं. ते सोडवायला ज्या पोलीस ठाण्याची तक्रार आहे तिथेच लिहावं लागतं, बँकेच्या शाखेत भांडून उपयोग होत नाही.